मोजणारा डोळा

फळी वाकडी बसली आहे असं बायको म्हणाली, तेव्हा मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. आमच्या घरात मी ठोकलेली एकही वस्तू आजवर सरळ बसलेली नाही. न्हाणीघरातला आरसा डावीकडे झुकतो, पडद्याची दांडी उजवीकडे. मी शाळेत पी.टी. शिकवायचो. जन्मभर पोरांच्या रांगा सरळ केल्या, पण हातात स्क्रू आला की माझं काहीतरी बिनसतं. म्हणून या वेळी पुस्तकांची फळी लावताना मी शेजाऱ्यांकडून मुद्दाम पाणसळ मागून आणली होती आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत घाम गाळला होता.

"मधेच पोट सुटलंय हिला," डावा डोळा मिटून फळीकडे बघत ती म्हणाली.

"पोट मला सुटलंय. फळीला नाही."

"मग तुम्हीच बघा."

मी बघितलं. मला सरळ दिसली. पण माझ्या बघण्याला या घरात कोण विचारतो? ती डोळ्यांची शास्त्रज्ञ, मी पोरांना शिट्टी मारणारा मास्तर. निमूटपणे फळी उतरवली, भिंतीला नवी भोकं पाडली, पुन्हा बसवली. ती पुन्हा आली, पुन्हा एक डोळा मिटला आणि पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाईसाहेब, आता स्क्रू तुम्ही पिळा, मी खुर्चीत बसून चुका काढतो." दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

रविवारी आमची लेक आली. तिला आम्ही अजून ठमीच म्हणतो, तिची स्वतःची पोरं कॉलेजात गेली तरी. दारातून आत येता येताच ती म्हणाली, "बाबा, फळी चक्क सरळ आहे. कोणाकडून बसवून घेतलीत?"

मला असा काही आनंद झाला की विचारू नका. छाती फुगवून मी स्वयंपाकघराकडे ओरडलो, "ऐकलंस का गं?" बायको पदराला हात पुसत बाहेर आली. फळीकडे बघितलं. मग डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. मग उजव्या डोळ्यावर. पुन्हा डाव्यावर. मग खिडकीच्या गजांकडे वळली आणि तिथेही तसंच केलं. मी अजून हसतच होतो. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला मला जरा उशिराच दिसला.

"ठमे, मला जरा खुर्ची दे," ती म्हणाली.

सरळ रेघ मधेच वाकलेली दिसू लागली तर डोळ्याच्या पडद्याला काहीतरी झालेलं असतं, हे ती गेली कित्येक वर्षं व्याख्यानांतून सांगत आली आहे. आमच्या फ्रिजवर ते तपासायचा, चौकटी छापलेला एक कागदही चिकटवलेला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तो दाखवते. माझी महिन्याच्या महिन्याला परीक्षा घेते. स्वतःची एकदाही घेतली नव्हती, आणि फळी वाकडी दिसली तेव्हा तिला नवऱ्याचाच संशय आला. माझा लौकिकच तसा आहे, तिला तरी काय दोष देणार.

आता तिचं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक पातळ पडदा असतो. बघण्याचं सगळं काम तिथल्या पेशी करतात. माणसं मरताना डोळे देऊन जातात. पुढची काच कुणा गरजूला बसते आणि मागचा पडदा माझ्या बायकोच्या प्रयोगशाळेत येतो. ती तो अलगद सोडवते, कडेला कातरीने चिरा देते, काचेवर सपाट पसरते, रंग देते. सूक्ष्मदर्शकाखाली मग पेशींचे ठिपके दिसतात. ते ती मोजते. ठरलेल्या चौकटीत किती ठिपके, तिशीच्या माणसात किती, साठीच्या माणसात किती, ऐंशीच्या माणसात किती. म्हातारपणी पडदा नुसता म्हातारा किती होतो आणि आजारी कुठे पडतो, ती सीमा शोधण्यात तिचं अख्खं आयुष्य गेलं.

आणि ती मोजायची एकटीच. डावा डोळा लहानपणापासून अधू, सगळं धूसर दाखवणारा, म्हणून तो मिटायचा, उजवा सूक्ष्मदर्शकाला लावायचा, आणि उजव्या अंगठ्याने टिक टिक करणारं मोजणीचं यंत्र दाबत जायचं. पोरांच्या दोरीवरच्या उड्या मोजायला मी वापरायचो ना, तसलंच. पुढे कॅमेरे आले, संगणक आले. संगणक धुळीच्या कणालाही पेशी म्हणतो म्हणून तिने त्याला हसून बाजूला सारलं. दोन माणसं मोजायला बसली तर दोन आकडे येतात, हे तिचं ठाम मत. त्यामुळे पहिल्या पडद्यापासून शेवटच्यापर्यंत तोच डोळा, तोच अंगठा. परदेशातली माणसं तिचे आकडे डोळे झाकून घ्यायची, ती याच कारणासाठी. तिच्या हाताखाली एक बाई आहे, विद्यार्थिनी म्हणून आली होती, आता स्वतः डॉक्टर झाली. मी तिला शिष्या म्हणतो. तिलाही काचा तयार करण्यापलीकडे मुभा नव्हती.

गेल्या काही वर्षांत बायकोला काहीतरी मोठं सापडलं होतं. हल्लीच्या म्हाताऱ्या माणसांचे पडदे, वीस वर्षांपूर्वीच्या त्याच वयाच्या माणसांपेक्षा, जास्त विरळ निघत होते. म्हणजे आताच्या लोकांचे डोळे लवकर म्हातारे होतायत. कशाने, ते शोधायचं होतं. पण होतायत हे तिने आकड्यांनी दाखवलं होतं. पुढच्या महिन्यात जगभरच्या डोळेतज्ज्ञांची सभा भरणार होती आणि पहिलं व्याख्यान तिचं होतं. मी नवा कोट शिवायला टाकला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण होते, नम्र होते. त्यांनी यंत्रातून डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले आणि समोरच्या स्क्रीनवर लावले. बायको खुर्चीतून उठून त्या फोटोजवळ गेली, तेव्हाच मला कळलं की डॉक्टरांना आता फारसं काही सांगावं लागणार नाही.

"मॅडम, तुम्हाला दिसतंयच," ते म्हणाले. "उजव्या पडद्याखाली पाणी झिरपतंय. इंजेक्शन सुरू करू या. आजच केलं तर उत्तम."

इंजेक्शन डोळ्यात देतात हे ऐकून मीच तिच्या रिकाम्या खुर्चीत बसलो. ती मात्र फोटोवरच खिळली होती.

"कधीपासून असेल?"

"झिरपणं ताजं आहे. पण खालची झीज जुनी वाटते. काही वर्षं तरी झाली असतील."

"किती वर्षं?"

"ते मॅडम, कसं सांगणार?"

तिने आठवड्यानंतरची वेळ मागितली. डॉक्टर चमकले, मी तर उडालोच. बाहेर फुटपाथवर आल्यावर मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती थांबली आणि माझी बाही धरली.

"अहो, हा डोळा जर काही वर्षं कमी बघत होता, तर मग मी मोजत काय होते?"

मला एकदम उमगलं नाही. तिथेच, दुकानाच्या काचेला टेकून, तिने मला समजावलं. पडदे विरळ झाले म्हणून तिला ठिपके कमी दिसले, असं ती धरून चालली होती. पण ठिपके तेवढेच असतील आणि तिलाच कमी दिसत असले तर? जगातल्या म्हाताऱ्यांचे डोळे लवकर म्हातारे होतायत, की तिचा एकटीचा? मोजणारा एकच ठेवला म्हणजे चूक होणार नाही, हे तिने पक्कं धरलं होतं. मोजणाऱ्यालाही वय असतं हे डोळ्यांच्या म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या बाईच्या एकदाही डोक्यात आलं नाही. रडावं की हसावं कळेना.

"बरं, मग?" मी म्हटलं. "इंजेक्शन घे, मग काय ते बघू."

"इंजेक्शन घेतलं की हा डोळा बदलेल. पाणी ओसरेल. मग तो कसा मोजत होता हे जन्मात कळणार नाही. जुन्या काचा आहेत माझ्याकडे, थंड कपाटात, अंधारात ठेवलेल्या. त्या आताच्या डोळ्याने पुन्हा मोजायच्या. पूर्वीइतकेच आकडे आले तर डोळा ठीक, शोध खरा. कमी आले तर शोध गेला. आठवडा पुरेल मला."

"आणि आठवड्यात डोळा गेला तर?"

ती सरळ रस्ता ओलांडायला लागली, तेही माझा हात न धरता.

प्रयोगशाळेत शिष्येने ऐकलं तेव्हा तीही हादरली. म्हणाली, "मॅडम, मी मोजते. जुन्या काचा आणि नव्या काचा, दोन्ही. माझ्या मोजणीतही नव्या विरळ निघाल्या तर तुमचं खरं. चार महिने द्या मला, सभेला तोवर नाही म्हणून कळवू. तुम्ही डोळा सांभाळा."

मला ते इतकं पटलं की मी मधेच म्हणालो, "झालं तर मग." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा स्टुलावर टेकलो.

"तुझा डोळा म्हणजे माझा डोळा नव्हे," ती शिष्येला म्हणाली. "मी केलेलं आहे, मीच निस्तरीन. तू काचांवरची नावं झाक आणि मिसळून दे, म्हणजे मला कुठली कोणती ते कळणार नाही."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. घरी मी आरडाओरडा केला. मग गयावया केली. ठमीला फोन लावून दिला, तिने आईला झाप झाप झापलं, आईने "जेवलीस का?" असं विचारून फोन ठेवला. मी गुपचूप डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उद्यापेक्षा आज बरं, काहीही होऊ शकतं. मी ते जसंच्या तसं तिला सांगितलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "ते ज्या पुस्तकातून शिकले ना, त्यातला तो धडा मीच लिहिलाय."



एका सकाळी तर मी दारात आडवा उभा राहिलो. शाळेत असा उभा राहिलो की दांडगट पोरंसुद्धा मागे सरायची. ती चपला घालून समोर आली आणि शांतपणे म्हणाली, "मला हे कळलं नाही ना, तर हा डोळा धड राहूनही मला कशाकडे बघावंसं वाटणार नाही." मी बाजूला झालो. आणि तिला एकटी सोडवेना म्हणून तिच्यामागे निघालो.

रोज मी त्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचो. खोली लहान, खिडकीचे पडदे ओढलेले, टेबलावर सूक्ष्मदर्शकाचा तेवढा उजेड. शिष्या एकेक काच पुढे सरकवायची. टिक टिक टिक सुरू व्हायचं. तो आवाज भराभर यायला लागला की मला बरं वाटायचं, मंदावला की मी स्टूल जरा पुढे सरकवायचो. चहाच्या सुट्टीत मी हळूच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवायचो, "आज वार कोणता गं?" असं साळसूदपणे विचारायचो. ती म्हणायची, "परीक्षा घेऊ नका." तरी मी घ्यायचोच. पहिले दोन-तीन दिवस तिने डावा डोळा मिटून उजव्याने वार वाचला. मी मनात म्हणायचो, आणखी थोडेच दिवस, निभावेल.

गुरुवारी दुपारी टिक टिक मधेच थांबली.

"या काचेवर डाग पडलाय," ती शिष्येला म्हणाली. "दुसरी दे."

शिष्येने काच बदलली. बायकोने पुन्हा डोळा लावला.

"हिच्यावरही आहे. कपाटात बुरशी शिरली की काय? कितीदा सांगितलं, ओल बघत जा म्हणून."

शिष्या घाबरून तिसरी काच पुसू लागली. पुसून तिने ती उजेडाकडे धरली, मला दाखवली. काच स्वच्छ होती. शिष्या ती काच पुढे सरकवायला तयार होईना. शेवटी बायकोनेच हात पुढे करून ती घेतली, खाली लावली आणि पाहिलं. मग सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून, डावा तसाच मिटलेला ठेवून, तिने समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरून तिची नजर माझ्याकडे आली.

"तुमचं तोंड दिसत नाही मला," ती म्हणाली. "कान दिसतायत."

पडद्याखाली रक्त साकळलं होतं. त्याच दुपारी इंजेक्शन झालं, पुढे आणखी झाली. डॉक्टर मान खाली घालूनच बोलत होते. कडेकडेचं राहील, म्हणाले, मधलं परत येणं कठीण. डावा अधू असला तरी आजारी नाही, आहे तेवढा जपावा लागेल. मी बाहेरच्या बाकावर बसून ओक्साबोक्शी रडलो. ठमी माझ्या शेजारी होती. "बाबा, तुम्ही काय करत होतात?" एवढंच तिने विचारलं, आणि मग तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

जेवढ्या काचा मोजून झाल्या होत्या तेवढ्यांचा हिशोब शिष्येने लावला आणि आमच्या घरी आली. उभ्या उभ्याच सांगू लागली, बस म्हटलं तरी बसेना. जुन्या पडद्यांत बायकोला पूर्वी जेवढ्या पेशी दिसल्या होत्या, त्यापेक्षा आता कमी भरल्या. नव्या पडद्यांत तिने जेवढी घट शोधून काढली होती ना, जवळजवळ तेवढ्याच कमी. शोध बिध काही नव्हता. म्हाताऱ्यांचे डोळे पूर्वी होते तसेच होते.

मला वाटलं आता ही कोसळणार. पण ती म्हणाली, "चला, जगातली म्हातारी माणसं ठीक आहेत. वाईट बातमी नाही ही." मग सभेच्या लोकांना फोन केला आणि कारणासकट सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. पलीकडचा माणूस अवघडून गेला असणार, कारण हीच त्याला धीर देत होती. मला तिचा असा काही अभिमान वाटला, आणि तितकाच रागही आला. शिंप्याकडचा कोट मी आणलाच नाही.

पुढचे काही आठवडे ती खरोखरच बरी होती. एका बाजूला मान वळवून कडेने बघायला शिकली. कपात चहा ओतताना बोट आत धरून अंदाज घ्यायची, भाजायचं, पण मला हात लावू द्यायची नाही. जे कळायला हवं होतं ते कळलं, असं चार जणांना सांगायची. मीही स्वतःची तशीच समजूत घालत होतो. मोठ्या कामाला मोठी किंमत, वगैरे. माणूस काहीही पटवून घेतो.

मग एक दिवस सकाळी शिष्या पुन्हा आली. तिने मॅडमना न विचारता काम सुरू केलं होतं. जुन्या आणि नव्या काचा, दोन्ही, स्वतःच्या डोळ्याने. तिला ते सांगायची भीती वाटत होती, पण डोळ्यांत आनंदही होता, स्वतः काहीतरी पुरं केल्याचा. म्हणाली, "मॅडम, चार महिने लागतील असं मी म्हटलं होतं, पण तितके लागलेच नाहीत. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच स्पष्ट दिसलं. जुन्यात आणि नव्यात काहीच फरक नाही. तुमचंच उत्तर आलं, अगदी तेच."

"छान," बायको म्हणाली. "किती चौकटी घेतल्यास?" तिने बारीकसारीक सगळं विचारलं, दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या, पुढचं मोजायचं काम तूच कर म्हणाली. शिष्या खुशीत निघून गेली. मी तिला फाटकापर्यंत सोडून परत आलो.

बायको जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तोंड माझ्याकडे नव्हतं, म्हणजे ती माझ्याकडेच बघत होती. आता तिचं बघणं असंच असतं.

"तुम्ही मला अडवायला हवं होतं," ती म्हणाली.

माझ्या जिभेवर सगळं आलं. मी ओरडलो होतो. पाया पडायचा बाकी होतो. डॉक्टरांना विचारलं, लेकीला मधे घातलं, दारात आडवा उभा राहिलो. तू ऐकलं असतंस का?

तिने ते सगळं माझ्या चेहऱ्यावर वाचलं की काय, देव जाणे, चेहरा तर तिला दिसत नव्हता.

"मी ऐकलं नसतं," ती म्हणाली. "जन्मभर अबोला धरला असता तुमच्याशी. तरी अडवायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं.